उभं विमान कुजतं: मुंबईच्या हवेत छोटं विमान सांभाळताना

पार्लेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथल्या एका सभासदाने विचारलं होतं की ओळखीत एक जुनं सेस्ना १७२, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, विकायला आहे, इंजिनाचे तास अगदी कमी झालेत, घेऊ का? मी तिथे "जरा थांबा" एवढंच लिहिलं होतं. का थांबा, ते सांगायला दोन ओळी पुरणार नाहीत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मोटारीच्या बाजारात "कमी चाललेली गाडी" म्हटलं की घेणारा खूश होतो. विमानाच्या पिस्टन इंजिनाचं उलटं आहे. त्यातून ते मुंबईत समुद्राजवळ उभं राहिलेलं असेल तर कमी तास ही काळजीची गोष्ट. हे मी फार महागात शिकलो.

२०११ साली आम्ही तिघा मित्रांनी मिळून १९७४ सालच्या बनावटीचं, आधीपासून व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणी असलेलं १७२ घेतलं. चार माणसांची जागा, डोक्यावर पंख, पुढे दीडशे अश्वशक्तीचं, लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन. ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवल्यानंतर, इंजिन नऊशे तास चाललं होतं. कंपनी या इंजिनाला दोन हजार तास किंवा बारा वर्षं, जे आधी होईल ते, अशी मुदत देते. त्यातल्या "बारा वर्षं" या शब्दांकडे तेव्हा आमचं लक्षच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात विमान जुहूच्या एका हँगरमध्ये होतं. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर आपल्या किनारपट्टीवर आमच्यासारख्यांचं उडणं जवळपास बंद असतं. आम्ही जमीन आणि क्षितिज डोळ्यांनी बघत उडणारी माणसं, आणि त्या दिवसांत ढग खाली उतरलेले, सह्याद्री दिवसेंदिवस दिसत नाही. देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांनी सांगितलं, "दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवा आणि बुधवारी येऊन पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने चार फेरे फिरवा. काही होत नाही." आम्ही ते नेमाने पाळलं. पावसात भिजत, पाळी लावून, एकही रविवार चुकवला नाही.

ऑक्टोबरात उडायला लागलो. इंजिन गोड चालत होतं. पंचवीसेक तासांनी तेल बदललं आणि रिवाजाप्रमाणे फिल्टर कापला. कापायचं हत्यार डबा फोडायच्या कटरसारखंच असतं. पत्रा निघाला की आत घड्याघड्यांचा कागद. तो सुरीने सोडवायचा, व्हाइसमध्ये दाबून तेल निथळू द्यायचं आणि उन्हात पांढऱ्या फडक्यावर एकेक घडी उलगडत जायचं. चौथ्या की पाचव्या घडीत चमचम दिसली. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, चपट्या कपच्या. मित्राने कागदाखालून लोहचुंबक फिरवला तर त्या उभ्या राहून चुंबकामागे सरकायला लागल्या. ॲल्युमिनियम असतं तर हललं नसतं. हे पोलाद होतं. आम्ही तिघं त्या फडक्याभोवती उकिडवे बसलो होतो आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

इंजिन उघडलं. कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, दोन उंचवट्यांवर (कॅमवर) गंजाचे खड्डे पडले होते आणि त्यांवर टेकून चालणाऱ्या टॅपेटची तोंडं घासून सोलवटली होती. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसतो. इंजिन थांबलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली निथळतं आणि तो उघडा पडतो. शिवाय त्याचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे असल्याने क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, दुभंगल्याशिवाय बाहेर निघत नाहीत. म्हणजे थोडक्यात भागणारं काम नाही, पूर्ण इंजिन खोलणं आलं. सुटे भाग बाहेरून येणार, कागदपत्रं, कस्टम. अकरा महिने विमान जमिनीवर होतं.

तेव्हा कमी तासांचं इंजिन बघितलं की आधी विचारा, ते तास किती वर्षांत झाले आणि त्या वर्षांत विमान कुठे उभं होतं.

कोकणकडा

दादा, कळकळीने लिहिलंय. एक शंका. दर आठवड्याला दहा मिनिटं चालवलं तर तेल सगळीकडे पोचायला हवं ना? आमच्या सोसायटीचा जनरेटर आम्ही दर शनिवारी असाच चालवतो आणि तो वर्षानुवर्षं ठणठणीत आहे.

पार्लेकर

कोकणकडा, आम्हालाही अगदी असंच वाटलं होतं. तेल पोचतं, पण त्याच्याबरोबर पाणीही पोचतं. पेट्रोल जळताना वाफ तयार होते आणि थोडी वाफ पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरते. तेल नीट तापलं तर ती ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, निघून जाते. लायकमिंग सांगते की तेलाचं तापमान साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत चढलं पाहिजे आणि उड्डाण चांगलं तासभराचं हवं. जमिनीवर दहा मिनिटं फडफडवून तेल कोमट होतं. वाफ आतच थंडावते, तिचं पाणी होतं, आणि ते जळक्या वायूंमध्ये मिसळून आम्लासारखं काम करतं. म्हणजे दर रविवारी आम्ही इंजिनाला आतून ओलं करून झाकण लावून येत होतो.

हाताने पंखा फिरवण्याचं तर त्याहून वाईट. कॅमवर जी काही तेलाची साय उरलेली असते ती पुसली जाते आणि पंप काही तेवढ्याने नवं तेल वर चढवत नाही. जनरेटर लोडवर चालतो, तापतो, आणि त्याचा कॅम बहुतेक तेलाजवळ खाली असतो. दोघांची तुलना नको.

जुना_हँगर

पार्लेकर साहेबांनी लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. मी चौतीस वर्षं एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणून काढली, त्यातली बरीचशी जुहू आणि सांताक्रूझला. आता डोंबिवलीला मुलाकडे असतो. हात शिवशिवतात म्हणून इथे लिहितो.

हाताने पंखा फिरवण्याबद्दल एक भर घालतो, कारण यात जीव जातो. चावी बंद आहे म्हणून इंजिन मेलेलं आहे असं समजू नका. मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही, तो स्वतःच ठिणगी तयार करतो. चावी बंद करता तेव्हा एका वायरने मॅग्नेटो अर्थ होतो, म्हणजे विमानाच्या धातूला जोडला जातो, आणि म्हणून गप्प बसतो. ती वायर तुटली किंवा तिचा नट सैल झाला की चावी बंद असूनही मॅग जिवंत. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं तर एका फेऱ्यात पंखा फिरेल आणि हात जाईल. म्हणून उड्डाण संपवून इंजिन बंद करायच्या आधी, मंद गतीवर चावी क्षणभर "ऑफ"ला नेऊन परत "बोथ"ला (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणायची. इंजिन लगेच मरायला लागलं पाहिजे. तसंच चालू राहिलं तर तिथेच स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहा आणि पंख्याजवळ कुणाला फिरकू देऊ नका. आणि पंखा नेहमी जिवंत सापासारखाच धरावा.

आता शरीराबद्दल. इंजिन बदलता येतं, पण पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे आतली तुळई, गंजाने खाल्ला गेला तर विमान भंगारात. मुंबईतलं विमान बघायला जाल तेव्हा वरचा रंग बघू नका, नवा रंग कुणीही देतो. मी बघायचो ते असं. पहिल्यांदा एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पत्र्याच्या, बिजागऱ्या, पियानोच्या झाकणासारख्या लांब असतात त्या. तिथे पांढरी भुकटी जमली असेल तर ती ॲल्युमिनियमचा गंज समजा. मग पत्र्याचे जोड. रंगाखाली गांडूळ सरपटल्यासारखे फुगवटे दिसले की नखाने दाबून बघायचं. रिव्हेटच्या मागे काळा ओघळ दिसला तर रिव्हेट सैल होऊन हलतोय. बॅटरीच्या खालचा पत्रा हमखास खाल्लेला असतो. आणि जुन्या सेस्नामध्ये केबिनच्या छताआड आवाज कमी करायला स्पंज चिकटवलेला असतो, तो पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो आणि वरचा पत्रा आतून खातो. तो अस्तर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि विकणारा अस्तर काढू देत नाही. मी म्हणतो, अस्तर काढू देत नसेल तर घेऊच नका.

विमानाचे हलते भाग ओढणाऱ्या केबल तपासायला जुनी युक्ती. मऊ सुती फडकं केबलभोवती धरून ओढत न्यायचं. तार तुटलेली असेल तिथे फडकं अडकतं. उघड्या हाताने करू नका, सुई घुसल्यासारखी तार घुसते.

कॉम्प्रेशन चांगलं आहे असं कागद दाखवतील. ऐंशीपैकी बहात्तर, चौऱ्याहत्तर वगैरे. उत्तम, पण त्यावरून व्हॉल्व्ह आणि रिंगा कळतात, कॅम कळत नाही. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) घातला तरी कॅम दिसत नाही. एक सिलिंडर काढलं तरच थोडा दिसतो. पार्लेकरांच्या इंजिनाचं कॉम्प्रेशनही तेव्हा चांगलंच असणार.

पार्लेकर

काका, चारही सिलिंडर सत्तरच्या वर होते. म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो.

वैमानिका

धागा वाचनखुणांत टाकला. मी उड्डाण प्रशिक्षक आहे, माहेर गिरगावचं. देखभालीवर काका बोलले आहेत, मी उडवण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगते, कारण तिचाही संबंध आपल्या दमट हवेशीच आहे.

कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं तिथे, बर्फ. विद्यार्थ्यांना सांगितलं की हसतात, "मॅडम, महाराष्ट्रात बर्फ?" कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा वेगाने जाते, दाब कमी होतो, त्यातच पेट्रोलची वाफ होते आणि ती उष्णता शोषून घेते. तापमान वीस अंशांनी किंवा त्याहून जास्तही खाली येतं. बाहेर पंचवीस अंश आणि हवा पाण्याने भरलेली, म्हणजे आपला सप्टेंबर, तर गळ्यात शून्याखाली जायला काही वेळ लागत नाही. सगळ्यात जास्त धोका थ्रॉटल कमी असताना, म्हणजे उतरायच्या तयारीत.

माझ्या बाबतीत झालं ते गणपतीनंतरच्या आठवड्यात. सकाळची वेळ, रात्री पाऊस पडून गेलेला. विद्यार्थी उतरायच्या वर्तुळात होता. त्याने थ्रॉटल पंधराशे आरपीएमवर आणलं. थोड्या वेळाने बघते तर काटा चौदाशेच्या खाली. त्याला वाटलं हात लागला असेल, म्हणून त्याने थ्रॉटल थोडं पुढे केलं. काटा परत उतरायला लागला. मी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पूर्ण ओढली. आणि मग इंजिन अक्षरशः खोकायला लागलं. वितळलेलं पाणी आत जात असतं ना, त्यामुळे आधी बिघडतं. त्या पाच-सहा सेकंदांत माणूस घाबरतो आणि कार्ब हीट परत आत ढकलतो. तेच करायचं नसतं. ओढून धरायची. दहाएक सेकंदांनी इंजिनाचा गळा मोकळा झाला आणि काटा वर आला. विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलवरच होता, मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला होता, तो गार पडला होता.

अर्धवट ओढू नका, पूर्ण ओढा. आणि थ्रॉटल कमी करायच्या आधी ओढा, काटा पडल्यावर नाही.

शिकाऊ_पायलट

मॅडम, वाचून अंगावर काटा आला. माझे पीपीएलचे (खासगी वैमानिक परवान्याचे) तेवीस तास झालेत. पेट्रोलमधल्या पाण्याबद्दल पण लिहाल का? आम्ही सकाळी नळीत इंधन काढून बघतो, पण नक्की काय बघायचं ते कुणी नीट सांगत नाही.

वैमानिका

अवश्य. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे आपलं विमानाचं पेट्रोल, निळसर असतं, तो रंग मुद्दाम घातलेला असतो. पाणी जड, ते तळाला बसतं आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. फसगत होते ती नळीत सगळंच पाणी आलं तर. रेघ नसते, सगळं स्वच्छ दिसतं आणि माणूस म्हणतो, छान आहे. म्हणून नळी पांढऱ्या रंगासमोर धरायची, विमानाचा पांढरा पंख समोर असतोच. निळं दिसलं पाहिजे. वास घ्यायचा. दोन्ही पंखांतून आणि पुढच्या गाळणीतून, तिन्हीकडून काढायचं. काढलेलं पेट्रोल तसंच अंगावर राहू देऊ नकोस, त्यात शिसं असतं. हात साबणाने धू, मगच डबा उघड.

जुना_हँगर

पाणी येतं कुठून तेही सांगतो. बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाच्या रबरी रिंगेतून. रिंग कडक झाली, तडकली की पंखावरचं पावसाचं पाणी सरळ टाकीत. शंभर रुपयांच्या रिंगेपायी लोकांनी विमानं शेतात उतरवली आहेत. दर पावसाळ्याआधी बदला, आणि विमान उभं ठेवताना टाक्या काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा असते आणि रात्री तिचं पाणी होतं.

तसंच पंखाखालची, टाकीत हवा जाऊ देणारी वेंटची नळी आणि वेग मोजणारी पिटो ट्यूब. कुंभारमाशी दोन दिवसांत मातीची गोळी करून बुजवते. पिटोवर कापडाचं कव्हर घाला, लाल पट्टी लटकती ठेवा आणि उडायच्या आधी काढायला विसरू नका.

घाटमाथा

माझं मत थोडं वेगळं आहे. माझं विमान नऊ वर्षं बारामतीला आहे. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभं असतं, मी काही खास करत नाही, तेल बदलतो तेवढंच. दर वेळी फिल्टर स्वच्छ. तुम्ही मंडळी लोकांना जरा जास्तच घाबरवता असं वाटतं.

पार्लेकर

घाटमाथा, तुमचा अनुभव मी खोडून काढणार नाही. देश कोरडा, मीठ नाही. आम्हीही इंजिन दुरुस्त करून बसवल्यावर विमान तिकडेच नेलं, तेवढ्यासाठीच. पार्ल्याहून पाच तासांचा रस्ता आहे आणि घरचे कुरकुरतात, पण समुद्रापासून दूर ठेवणं हाच सगळ्यात मोठा उपाय आहे असं माझं ठाम मत झालंय. फक्त दोन महिने काही झालं नाही म्हणून चार महिनेही होणार नाही, असं धरून चालू नका.

उलट तिकडचा त्रास वेगळा, तो उन्हाळ्याचा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत हवा इतकी विरळ होते की विमान पाच हजार फुटांवरून उडत असल्यासारखं वागतं. दीडशे अश्वशक्तीत चार माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन तेव्हा निघायचंच नाही. आम्ही सकाळी नऊच्या आत उडून मोकळे होतो.

दादरकर

विमानातलं मला कळत नाही, पण जुहूचा विषय निघाला म्हणून लिहितो. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानातून इथेच उतरले. आणि बरोब्बर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. माझे वडील तेव्हा बघायला गेले होते, त्यांच्या तोंडून लहानपणी शंभर वेळा ऐकलंय.

जुना_हँगर

दादरकर, बरं झालं आठवण काढलीत. ते लेपर्ड मॉथ तीसच्या दशकातलं यंत्र. लाकडी, कापडाने मढवलेलं. पन्नास वर्षांचं विमान कराचीहून मुंबईपर्यंत येतं ते त्यामागे हात लावणारी माणसं होती म्हणून. तेव्हा विकत घेताना "१९७४ चं आहे" म्हणून नाक मुरडू नका. लॉगबुक वाचा. पानामागून पान कुणाच्या सह्या आहेत, किती दिवसांनी आहेत, मधे कोरी वर्षं आहेत का, ते बघा. मला लॉगबुक वाचून माणसाचा स्वभाव कळतो.

कोकणकडा

वाचतोय आणि थक्क होतोय. खर्चाचं काय हो? म्हणजे साधारण अंदाज.

पार्लेकर

पेट्रोल तासाला तीसेक लिटर जातं. २०२२ पर्यंत एव्हगॅस बाहेरूनच यायचं, आता इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवते. पण खरा खर्च पेट्रोलचा नाही. उडा किंवा उडू नका, हँगरचं भाडं, विमा, दर वर्षीचं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (विमान उडण्यालायक असल्याचा दाखला), ते सांभाळणारी संस्था, हे द्यावंच लागतं. वर इंजिनासाठी दर तासाला काही रक्कम बाजूला टाकायची. आम्ही ती वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावायचा नाही असा तिघांत करार आहे. खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही, त्यामुळे "विमान स्वतःचा खर्च काढेल" हा हिशेब कुणी मांडला तर तो ऐकूच नका.

नवा_घेणार

मीच तो विचारणारा. सगळं वाचलं, शनिवारी जाऊन लॉगबुक बघून आलो. दोन वर्षांत अकरा तास. दोन्ही पावसाळे किनाऱ्याजवळच, साध्या शेडमध्ये. काकांनी सांगितल्याप्रमाणे एक सिलिंडर काढून कॅम बघू द्या म्हटलं, खर्च माझा. मालक तयार झाले, भले माणूस आहेत, त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात काम आहे. काका, तुम्ही याल का बरोबर? गाडी डोंबिवलीला पाठवतो.

जुना_हँगर

येतो की. टॉर्च आणि छोटा आरसा माझा मी आणेन. क्रँककेसच्या त्या भोकावर स्वच्छ फडकं तयार ठेवायला सांगा, बघून झालं की लगेच झाकायचं. एखादा वॉशर आत पडला तर सगळंच उघडावं लागेल.

नवा_घेणार

नक्की. आणि घेतलंच तर पुढच्या पावसाळ्यात नेमकं काय करायचं, पार्लेकरदादा?

पार्लेकर

आम्ही करतो ते सांगतो. मे संपायच्या आत शेवटचं तासभराचं उड्डाण, उतरून गरम असतानाच जुनं तेल काढून संरक्षक तेल भरायचं आणि तेच आत सगळीकडे लागावं म्हणून पुन्हा एकदा उडवायचं. मग वरचे प्लग काढून सिलिंडरमध्ये तेच तेल फवारायचं आणि त्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक प्लग बसवायचे. एक्झॉस्ट, हवेची वाट आणि ब्रीदर बंद. पंख्याला "फिरवू नका" अशी पाटी. हे सगळं एएमईच्या हाताखाली, नोंद लॉगबुकात. नंतर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन प्लगचा रंग बघायचा. जेल कोरडं असेल तोवर निळं, ओल प्यायलं की गुलाबी. गुलाबी झालं की बदलायचं. मागच्या ऑक्टोबरात फिल्टर कापला, चुंबक तीन वेळा फिरवला, काही सरकलं नाही.

शिकाऊ_पायलट

दादा, ते सिलिका जेल मुंबईत सुटं कुठे मिळतं? आमच्या क्लबातल्या प्लगांतलं सगळं गुलाबी झालंय.

पार्लेकर

प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे किलोवर मिळतं, "ब्लू इंडिकेटिंग" म्हणून माग. भट्टीत तापवलं की गुलाबीचं परत निळं होतं, पण घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आणि आधी तुमच्या एएमईंना दाखव, भोकात दाणे सांडणार नाहीत असे प्लग आहेत ना ते बघून घेऊ देत.